धावपटू भावाला उत्तेजक-चाचणीची नोटीस आली आहे, तातडीने मार्गदर्शन हवे आहे

जांबोटी_रस्ता:
सर्वांना नमस्कार. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. माझा धाकटा भाऊ २०० मीटर धावतो. गेल्या आठवड्यात त्याला दिल्लीहून नाडाचे (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे) पत्र ई-मेलने आले असून त्याच्या नमुन्यात प्रतिबंधित द्रव्य सापडल्याचे त्यात लिहिले आहे. त्याने काहीही घेतलेले नाही हे मी खात्रीने सांगतो, कारण तो भाकरी-आमटीवर वाढलेला मुलगा आहे आणि पावडरीचा डबा विकत घेण्याइतके पैसे आमच्या घरात कधी नव्हते. पत्र येऊन दोन दिवस होत नाहीत तोच गावात बातमी फुटली. आता वडील बसस्टँडवर जायचे टाळतात आणि भाऊ माडीवरून खाली उतरत नाही. क्रीडा कोट्यातील नोकरीचा अर्जही अडकला आहे. माझे प्रश्न दोनच आहेत. दिल्लीत चांगला वकील कोण, आणि नाव स्वच्छ होण्यास किती महिने लागतात? कृपया लवकर उत्तर द्यावे, मुदत संपत आली आहे.

चिकोडीचे_वकील:
आपली घाई समजते, परंतु आपण दिलेल्या माहितीवर कोणताही वकील काही सांगू शकणार नाही. पत्रात कोणत्या द्रव्याचे नाव आहे? नमुना स्पर्धेच्या वेळी घेतला की सरावाच्या काळात? पत्र आरोपाचे आहे की प्राथमिक सूचनेचे, आणि उत्तरासाठी कोणती तारीख दिली आहे? तात्पुरते निलंबन लागू झाले आहे का? शिक्षा दोन वर्षांची की चार वर्षांची, याची चर्चा द्रव्याच्या नावापासून सुरू होते. ते नावच आपण लिहिलेले नाही.

कंग्राळीचा_पैलवान:
वकील साहेब, आधी ‘बी’ नमुना, म्हणजे राखून ठेवलेली दुसरी बाटली, उघडायला लावा, बाकीचे नंतर बघता येईल. दिल्लीच्या प्रयोगशाळेची मान्यता वाडाने (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने) २०१९ मध्ये निलंबित केली होती, मग अशा प्रयोगशाळेच्या अहवालावर गरीब मुलाचे आयुष्य का उधळायचे? शिवाय कोणीतरी जेवणात काही मिसळले नाही कशावरून? कुस्तीगीर नरसिंग यादवच्या बाबतीत २०१६ मध्ये हेच झाले होते आणि नाडाच्या समितीने त्याला निर्दोष सोडले होते.

निपाणीकर:
पैलवान, आपण अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्या निर्णयाविरुद्ध वाडा आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेली, आणि रिओ ऑलिंपिकमध्ये त्याची कुस्ती होण्याआधी त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली, कारण ‘कोणीतरी मिसळले’ असे नुसते म्हणून भागत नाही, ते पुराव्याने दाखवावे लागते. प्रयोगशाळेची मान्यताही डिसेंबर २०२१ मध्ये परत मिळाली आहे, त्यामुळे तो मुद्दा आज टिकणार नाही.

आता माझा अनुभव. मी ४०० मीटरचा धावपटू होतो आणि दोन वर्षांची बंदी भोगली आहे. मलाही ‘काही घेतले नाही’ असेच वाटत होते. शेवटी ते द्रव्य तालमीतल्या मित्राने दिलेल्या खुल्या पावडरीतून आले असे निघाले. आपल्या भावानेही कोणाच्या तरी डब्यातून चमचाभर घेतली असणार, त्याला शांतपणे विचारा. आणि माझे ऐकाल तर वीस दिवसांच्या आत कबुली देऊन मोकळे व्हा, एक वर्ष कमी होते. मी भांडत बसलो आणि त्या भांडणात शेत गहाण पडले.

चिकोडीचे_वकील:
निपाणीकरांचा हेतू चांगला आहे, परंतु सल्ला या ठिकाणी धोक्याचा ठरू शकतो. आरोपपत्र मिळाल्यापासून वीस दिवसांत कबुली दिल्यास एक वर्ष कमी होण्याची सवलत चार वर्षे किंवा अधिक बंदी प्रस्तावित असेल तेव्हाची आहे. द्रव्य ‘निर्दिष्ट’ वर्गातील, म्हणजे उत्तेजनाखेरीज इतर कारणानेही शरीरात येण्याची शक्यता अधिक असलेले, असेल तर मूळ शिक्षाच सर्वसाधारणपणे दोन वर्षांची असते, आणि मोठा निष्काळजीपणा नव्हता हे खेळाडूने सिद्ध केले तर ती कमी होत होत केवळ ताकिदीपर्यंत येऊ शकते. द्रव्य कळण्यापूर्वी कबुली देणे म्हणजे रोग कळण्यापूर्वी शस्त्रक्रिया करण्यासारखे आहे. ‘बी’ नमुना मागणे हा हक्क आहे आणि खर्च परवडत असेल तर जरूर मागावा, मात्र दोन्ही बाटल्या एकाच वेळच्या लघवीच्या असतात, म्हणून ‘ए’मध्ये जे आहे ते ‘बी’मध्येही निघण्याचीच शक्यता अधिक असते.

संकेश्वर_घाट:
मला वाटते मुळातच चूक झाली आहे. सीमाभागातल्या मराठी मुलाला इकडे कोण वाली आहे? चंदगड तालुक्यात नातेवाईक असतील तर तिथला पत्ता करून महाराष्ट्राकडून धावू द्यावे. हे सारे प्रकरण मागे पडेल.

निपाणीकर:
सीमाप्रश्नासाठी इथे स्वतंत्र धागे आहेत. बंदी राज्य पाहत नाही, देशही पाहत नाही आणि खेळही पाहत नाही. मला बंदीच्या काळात एका कबड्डी मंडळाने बोलावले होते, तेही नियमात बसले नाही, कारण ते मंडळ मान्यताप्राप्त संघटनेशी जोडलेले होते.

जांबोटी_रस्ता:
मी वकिलाचे नाव विचारले होते, ते अजून कोणीही दिलेले नाही. पावडरीचा प्रश्नच येत नाही, हे मी आधीच लिहिले आहे. द्रव्याचे नाव ‘ट्रायमसिनोलोन असिटोनाइड’ असे आहे. नमुना शर्यत संपल्यावर मैदानातच घेतला. उत्तरासाठी अजून नऊ दिवस आहेत. निलंबन स्वेच्छेने स्वीकारता येईल असे लिहिले आहे, ते आम्ही स्वीकारलेले नाही, कारण ते स्वीकारणे म्हणजे गुन्हा मान्य करणे असे सर्वांचे म्हणणे पडले.

शहापूरची_परिचारिका:
दादा, हे नाव वाचून मी थांबले. हे पावडरीतले द्रव्य नव्हे, हे स्टिरॉइड गटातले औषध आहे, पण शरीर फुगवणारे स्टिरॉइड नव्हे. आमच्याकडे ते त्वचेच्या तक्रारी, सांधेदुखी आणि ॲलर्जी यांसाठी वापरले जाते. कुपी हलवावी लागते आणि आतले औषध दुधासारखे पांढरे दिसते. शर्यतीच्या आधी दोन-तीन महिन्यांत आपल्या भावाला कोणी इंजेक्शन दिले होते का? दिले असेल तर कशासाठी, कोणत्या दिवशी, आणि सुई कुठे टोचली? शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल, पण तोच महत्त्वाचा आहे.

कंग्राळीचा_पैलवान:
सुई कुठे टोचली याने काय फरक पडणार? धावपटू द्युती चंदने खटला लढवला आणि जिंकला, तसेच लढा. इंजेक्शनाच्या चौकशीत वेळ घालवू नका.

मलप्रभाकाठ:
पैलवान, मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे, म्हणून नम्रपणे दुरुस्ती करतो. द्युती चंद २०१५ मध्ये क्रीडा लवादात जिंकली तो प्रश्न शरीरात नैसर्गिकरीत्या असलेल्या संप्रेरकांच्या नियमाचा होता, उत्तेजकांचा नव्हे. उत्तेजकांच्या प्रकरणात तिला २०२३ मध्ये चार वर्षांची बंदी झाली. आपल्याच कर्नाटकच्या धावपटू अश्विनी अकुंजीचे उदाहरण अधिक जवळचे आहे. प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांतून प्रतिबंधित द्रव्य आले असे २०११ च्या प्रकरणात तिचे आणि तिच्या सहकाऱ्यांचे म्हणणे होते. इथल्या समितीने एक वर्षाची बंदी घातली आणि लवादाने २०१२ मध्ये ती दोन वर्षांची केली. दुसऱ्याने दिले म्हणून खेळाडू सुटत नाही, हा त्यातला कडू भाग.

जांबोटी_रस्ता:
परिचारिकाताई, इंजेक्शन घेतले होते. मी ते लिहिले नाही, कारण ते औषध होते आणि मी उत्तेजकांविषयी विचारत होतो. पावसाळ्यात एका रात्री त्याच्या सर्वांगावर पित्त उठले, ओठ आणि डोळे सुजले आणि श्वासही जड झाला, म्हणून त्याला जवळच्या गावातील दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी एक इंजेक्शन शिरेतून आणि एक कमरेखाली दिले. सकाळपर्यंत सूज उतरली. शर्यत त्यानंतर ३६ दिवसांनी झाली. नमुना देताना भरलेल्या अर्जात मागील सात दिवसांतील औषधे विचारली होती, त्यामुळे भावाने ‘काही नाही’ असे लिहिले. तो खोटे बोलला असे आता कोणी म्हणेल का?

शहापूरची_परिचारिका:
सात दिवसांचा प्रश्न होता आणि सात दिवसांचे उत्तर दिले, त्यात खोटे काही नाही. सुईच्या जागेविषयी का विचारले ते सांगते. १ जानेवारी २०२२ पासून या गटातील औषधे कोणत्याही मार्गाने टोचून घेतली तरी स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहेत. वाडाने ती शरीरातून निघून जाण्याचे अंदाजे दिवस दिलेले आहेत. ट्रायमसिनोलोन सांध्यात टोचले तर १० दिवस, आणि स्नायूत टोचले तर ६० दिवस. स्नायूत ते साठून राहते आणि हळूहळू झिरपते, म्हणून ३६ व्या दिवशी लघवीत सापडले यात मला नवल वाटत नाही. याच गटातले डेक्सामेथासोन स्नायूत दिले असते तर पाच दिवसांचा हिशेब होता. दवाखान्यात रात्री जे हाताशी होते ते दिले गेले असणार.

कंग्राळीचा_पैलवान:
म्हणजे चूक डॉक्टरांची! त्यांच्यावर फौजदारी करा, वर्तमानपत्रात द्या, मुलगा आपोआप सुटेल.

चिकोडीचे_वकील:
कृपया असे काहीही करू नका. डॉक्टर निवडण्याची आणि त्यांना आपण खेळाडू आहोत हे सांगण्याची जबाबदारी नियमांनुसार खेळाडूचीच आहे. त्यामुळे डॉक्टरांना दोष देऊन सुटका होत नाही, उलट ज्यांच्या सहीची आपल्याला सर्वांत जास्त गरज आहे तेच दार बंद करतील.

आता मुख्य मुद्दा. स्पर्धेचा काळ म्हणजे स्पर्धेच्या आदल्या रात्री ११:५९ पासून पुढचा. इंजेक्शन ३६ दिवस आधीचे, म्हणजे स्पर्धेच्या बाहेरचे आहे. केवळ स्पर्धाकाळात निषिद्ध असलेले औषध स्पर्धेबाहेर उपचारासाठी घेतले आणि नंतर नमुन्यात सापडले, तर टीयूई, म्हणजे उपचारासाठीची सूट, मागाहूनही मागता येते. तातडीच्या उपचारासाठीही मागाहून अर्जाची वेगळी तरतूद आहे. ही सूट मिळाली तर प्रकरण बंदीपर्यंत जाणारच नाही. मिळाली नाही तरी तीच कागदपत्रे द्रव्य शरीरात कसे आले हे दाखवतील, आणि शिक्षा कमी करून घेण्यासाठी ते दाखवावेच लागते. म्हणून नऊ दिवस दिल्लीचा वकील शोधण्यात घालवू नका, दवाखान्याचा कागद शोधा. सुनावणी बहुधा दूरदृश्य पद्धतीने होते, त्यासाठी गोवा एक्सप्रेसचे तिकीट काढण्याचीही गरज पडू नये. राहिला निलंबनाचा प्रश्न. ते स्वेच्छेने स्वीकारणे म्हणजे कबुली नव्हे, आणि पुढे बंदी झालीच तर तो काळ त्यातून वजा होतो. पुढच्या स्पर्धा तो असेही धावणार नसेल तर स्वीकारण्यात तोटा दिसत नाही.

निपाणीकर:
माझा अंदाज चुकला हे मान्य करतो. मला हे टीयूईचे प्रकरण कोणी सांगितलेच नव्हते, अर्थात माझ्याकडे सांगण्यासारखे औषधही नव्हते. एक गोष्ट मात्र स्वानुभवाची आहे. निलंबन स्वीकारल्यावर जिल्हा क्रीडांगणावर संघाबरोबर किंवा प्रशिक्षकाच्या शिबिरात सराव करता येत नाही. बंदी झाल्यास शेवटचे दोन महिने किंवा बंदीचा शेवटचा चौथा हिस्सा, यांपैकी जो काळ कमी असेल तेवढ्यातच संघात परतता येते. एकट्याने रस्त्यावर धावायला कोणाचीही परवानगी लागत नाही. मी दोन वर्षे तंबाखूच्या शेतांमधल्या गाडीवाटेवर धावलो. वेळ लावायला कोणी नव्हते, म्हणून विजेच्या खांबांमधले अंतर पावलांनी मोजून घेतले होते. त्या दोन वर्षांत माझा वेग गेला नाही. ज्यांनी फोन करणे सोडले ते मात्र परत आले नाहीत.

मलप्रभाकाठ:
दादा, भावाविषयी कोणीच विचारले नाही, म्हणून विचारतो. तो जेवतो का? झोपतो का? माडीवरून न उतरणाऱ्या मुलाला आधी माणूस हवे, कागद नंतर. मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येते. त्याला हेही सांगा की २०१० मध्ये जमैकाची धावपटू शेली-ॲन फ्रेझर-प्राइस हिच्या नमुन्यात दातदुखीसाठी घेतलेल्या वेदनाशामकाचे द्रव्य सापडले होते. ती ऑलिंपिक विजेती होती, तरी सहा महिने बाहेर बसली, आणि २०१२ मध्ये लंडनला १०० मीटरचे सुवर्ण पुन्हा जिंकली. लोकांनी कुजबुज केली नसेल असे मी म्हणत नाही. अमेरिकेचा धावपटू जस्टिन गॅटलिन याला तर २०१७ मध्ये विश्वविजेता झाल्यावरही प्रेक्षकांनी हिणवले, पण त्याचे प्रकरण निराळे होते, दोनदा सापडलेला माणूस तो. आपल्या गावाला मात्र हा फरक कोणीतरी समजावून सांगावा लागेल, आणि ते काम वडिलांवर टाकू नये.

संकेश्वर_घाट:
थोडे विषयाला सोडून आहे, पण माझा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. त्याने कोणती प्रोटीन पावडर घ्यावी?

शहापूरची_परिचारिका:
एवढे सगळे वाचल्यावरही? अंडी, शेंगदाणे आणि दूध द्या.

जांबोटी_रस्ता:
आज दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टर प्रथम घाबरले आणि असे काही दिल्याचे आठवत नाही म्हणाले. मी तक्रार करायला आलेलो नाही, मुलाला वाचवायला आलो आहे, असे दोनदा सांगितल्यावर त्यांनी नोंदवही काढली. तारीख, ‘सर्वांगावर पित्त, चेहऱ्यावर सूज, श्वासाला त्रास’ अशी नोंद, दोन्ही औषधांची नावे, मात्रा आणि दुसऱ्यापुढे ‘स्नायूत’ असे सर्व लिहिलेले आहे. फक्त नोंद कन्नडमध्ये आहे. ती तशीच पाठवावी की इंग्रजी भाषांतर करून? भाऊ सोबत आला होता. येताना मलप्रभेच्या पुलाशी त्याने गाडी थांबवायला सांगितली आणि पुढचा रस्ता चालत आला. काल मी वकिलाच्या नावावरून चिडून लिहिले, त्याबद्दल क्षमस्व.

चिकोडीचे_वकील:
मूळ पानाची स्वच्छ प्रत, त्यावर डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक, आणि सोबत नोटरीसमोर प्रमाणित केलेले इंग्रजी भाषांतर, असे दोन्ही पाठवा. टीयूईच्या अर्जातील वैद्यकीय भाग त्याच डॉक्टरांकडून भरून घ्या.

शहापूरची_परिचारिका:
आणि त्या भागात दुसरे इंजेक्शन का लागले, नुसत्या गोळ्यांवर का भागले नाही, हे एका वाक्यात तरी लिहायला सांगा. समिती नेमके तेच विचारील, आणि त्याचे उत्तर त्या रात्री तिथे असलेल्या माणसालाच देता येईल.