मदत हवी आहे: एचएमजीएन३ काढल्यावर साखर का वाढते?

मृण्मयी_क: उद्या सकाळी १० ला विभागात पेपर मांडायचाय आणि एकाच जागी अडकलेय. एचएमजीएन३ (केंद्रकातलं, डीएनएच्या गुंडाळीला चिकटणारं प्रथिन) काढलं की रक्तातली साखर वाढते, पण इन्सुलिनला प्रतिसाद नॉर्मल. मग वाढते कशाने? लवकर सांगा, प्लीज.

राजहंस: कशातून काढलं? नुसत्या पेशींतून की अख्ख्या उंदरातून? साखर उपाशीपोटी मोजली की ग्लुकोज देऊन?

सुधीरकाका: आमच्याकडे तीन पिढ्यांची साखर आहे. रात्री भिजवलेले मेथीदाणे सकाळी चावून खा. मात्र गोळ्या बंद करू नका.

मृण्मयी_क: काका, मला साखर नाहीये! उंदीर, पूर्ण नॉकआउट, म्हणजे त्याचं जनुकच काढलेलं. ग्लुकोज देऊन.

राजहंस: मग दोष स्वादुपिंडात. स्नायू, चरबी इन्सुलिनचं ऐकतात. तिथल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीच ते पुरेसं सोडत नाहीत. एचएमजीएन३ आणि पीडीएक्स१ (जनुकं चालू करणारं प्रथिन) ग्लुट२ जनुकाच्या प्रमोटरवर (जनुक जिथून चालू होतं तो भाग) एकमेकांना धरून ठेवतात. एचएमजीएन३ गेलं की ग्लुट२, म्हणजे ग्लुकोज आत नेणारं वाहक प्रथिन, कमी बनतं, पेशीत ग्लुकोज कमी शिरतं, एटीपी (पेशीचं इंधन) कमी पडतं. पोटॅशियमची दारं बंद होत नाहीत, कॅल्शियम आत येत नाही, इन्सुलिन आतच राहतं.

अवनी: सगळं ग्लुट२ वर ढकलू नका. माणसाच्या बीटा पेशीत मुख्य वाहक ग्लुट१ आहे. खरी गंमत हिस्टोनच्या (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांच्या) अ‍ॅसिटिलेशनमध्ये आहे. ग्लुकोज वाढलं की पीडीएक्स१ इन्सुलिन जनुकापाशी पी३०० या एन्झाइमला आणतं आणि हिस्टोन एच४ वर अ‍ॅसिटिल गट चढतात, त्याने जनुक जास्त चालतं. ग्लुकोज कमी असताना पीडीएक्स१ सोबत एचडीएसी१ आणि २ ही ते गट काढणारी एन्झाइमं असतात.

राजहंस: ते इन्सुलिन बनण्याबद्दल झालं, इथे प्रश्न सोडण्याचा आहे. आणि पेपर उंदरांवरचा आहे, माणसांवरचा नाही.

अवनी: पण शेवटी माणसाच्या मधुमेहाबद्दल कोणीतरी विचारणारच ना?

मृण्मयी_क: भांडू नका, प्लीज. मॅडम हमखास विचारतील, एचएमजीएन३ कुठल्याही न्यूक्लिओसोमला (हिस्टोनभोवतीच्या डीएनएच्या गुंडाळीला) चिकटतं, मग परिणाम ग्लुट२ वर कसा?

अवनी: कारण जागा पीडीएक्स१ ओळखतं. एचएमजीएन प्रथिनं गुंडाळी घट्ट ठेवणाऱ्या हिस्टोन एच१ शी स्पर्धा करून क्रोमॅटिन (डीएनए आणि हिस्टोनची एकत्र गुंडाळी) सैल करतात, म्हणजे वाट मोकळी होते. कुठे थांबायचं ते पीडीएक्स१ ठरवतं. हे नीट सांगितलंस तर मॅडम पुढे जातील.

राजहंस: आणि इन्सुलिन टॉलरन्सचा (इन्सुलिन टोचल्यावर साखर किती उतरते त्याचा) आलेख सगळ्यात आधी दाखवा. तो नंतर आला की ऐकणारे दोष यकृतात शोधू लागतात.

सुधीरकाका: हे प्रथिन रक्तात तपासता येतं का? मुलाची करून घेतो.

अवनी: नाही काका, ते पेशीच्या केंद्रकात असतं. मुलाची उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी करून घ्या.