‘एक्स कॅथीड्रा’ला ‘अधिकारवाणीने’ चालेल का?

शब्दवेडी: एका लेखाचं भाषांतर करताना ‘प्राध्यापक एक्स कॅथीड्रा बोलले’ असं वाक्य आलं. संपादकांनी ‘अधिकारवाणीने बोलले’ केलं. मला ते अजिबात पटलेलं नाही. जुना गवंडी भिंतीवर तळहात फिरवतो, पोपडा नखाने काढतो आणि सांगतो, ‘ओल खालून चढतेय.’ ती अधिकारवाणी, उभ्या आयुष्याच्या कामातून आलेली. एक्स कॅथीड्रा हे लॅटिन, अर्थ ‘आसनावरून’. इथे वजन खुर्चीचं आहे. मी ‘पीठावरून’ सुचवते.

रोखठोक: असहमत. ‘पीठावरून’ वाचून लोकांना व्यासपीठ आठवेल, म्हणजे भलताच अर्थ. इंग्रजीत आज हा शब्द बहुतेकदा नाराजीने वापरतात: कारणं न देता, उलट प्रश्नाला जागा न ठेवता केलेलं विधान. व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही. ‘गवाक्ष’ म्हणजे मुळात बैलाचा डोळा, पण खिडकी म्हणताना तो कुणाच्या मनात येतो?

वसईची लेक: मी कॅथलिक, घरात मराठीच बोलतो. आमच्या चर्चमध्ये हा शब्द पोपच्या वचनासाठी वापरतात. पोप जे बोलतील ते सगळं एक्स कॅथीड्रा, हा समज आधी काढून टाका, फार त्रास होतो त्याचा. १८ जुलै १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेने याच्या अटी बांधून दिल्या. पोपने सर्व ख्रिस्ती लोकांचा गुरू म्हणून बोलायला हवं, विषय श्रद्धेचा किंवा नीतीचा हवा, आणि अख्ख्या चर्चने ते मानलंच पाहिजे असा निर्णय हवा. तेव्हाच ते वचन अस्खलनशील, म्हणजे चूक होऊच न शकणारं. १८७० नंतर असं ठरलेलं उदाहरण एकच, १ नोव्हेंबर १९५० चं: मरियामातेला देहासह स्वर्गात घेतलं गेलं, ही बाराव्या पायस यांची घोषणा. इतक्या जपून वापरायच्या शब्दाला ‘नाराजी’ चिकटावी, हे मला खटकतं.

शब्दवेडी: ताई, हे फार मोलाचं सांगितलंत. माझा मुद्दा यानेच पक्का होतो. कॅथीड्रा म्हणजे बिशपची खुर्ची. बिशप बसून शिकवत. ती जिथे, ते कॅथीड्रल. जुन्या गोव्याच्या ‘से’ कॅथीड्रलमधलं ‘से’ही लॅटिन ‘सेडेस’, म्हणजे आसनच. ‘कॅथीड्रा’ मूळचा ग्रीक, त्यातला ‘हेड्रा’ म्हणजे आसन. हा ग्रीक ‘हेड्रा’, लॅटिन ‘सेडेस’ आणि आपला ‘सद्’ (बसणे) धातू एकाच मुळाचे. सप्तचं ग्रीकमध्ये ‘हेप्टा’ होतं, तसाच इथे सचा ह झाला. तुम्ही ‘व्हॅटिकन परिषद’ लिहिलंत ना, त्या ‘परिषद’मध्ये हाच सद् बसलाय!

रोखठोक: मूळ सुंदर आहे, मान्य. चर्चबद्दलच्या मजकुरात ‘पीठावरून’ घ्या. पण तुमचं वाक्य प्राध्यापकांचं आहे. तिथे मी ‘फर्मान काढल्यासारखं’ लिहीन.

वसईची लेक: फर्मान नको. फर्मानात हुकूम असतो, सत्याचा दावा नसतो.

शब्दवेडी: विद्यापीठातल्या ‘चेअर’ला आपण अध्यासन म्हणतोच, आणि इंग्रजी ‘चेअर’ही फ्रेंचमार्गे कॅथीड्रावरूनच आलाय. ‘अध्यासनावरून सुनावलं’ असं लिहून संपादकांकडे पुन्हा पाठवते.