साधं लिहिलं म्हणजे खरं लिहिलं का? (हेमिंग्वे, कापोरेत्तो आणि सातच हजार)

अर्धाचहा
कोरडाकागद यांची कालची पोस्ट वाचून रात्रभर झोप लागली नाही असं म्हणणार नाही, लागली, पण सकाळी दात घासताना परत तीच आठवली म्हणून लिहितोय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: त्यांचं म्हणणं, युद्धावर लिहायची एकच प्रामाणिक पद्धत, छोटी वाक्यं, विशेषणं नाहीत, उपमा म्हणजे तर पापच. आणि हे जमतं कोणाला, तर जो तिथे होता त्याला. उदाहरण अमेरिकन लेखक हेमिंग्वेच्या 'अ फेअरवेल टू आर्म्स' कादंबरीतली कापोरेत्तोची माघार (पहिल्या महायुद्धात इटालियन सैन्य हरून मागे पळालं ती), "ज्याने तो चिखल तुडवला तोच असं लिहू शकतो".

अहो, तुडवलाच नव्हता ना! माघार ऑक्टोबर १९१७ ची. तेव्हा हेमिंग्वे अठरा वर्षांचा, कॅन्सस सिटीत एका पेपरात नुकता चिकटलेला, पोलीस आणि हॉस्पिटलच्या बातम्या करत फिरत होता. इटलीत पोचला जून १९१८ ला, रेड क्रॉसची अँब्युलन्स चालवायला, आणि ८ जुलैला फोस्साल्ताजवळ शिपायांना चॉकलेट-सिगरेटी वाटताना जखमी होऊन हॉस्पिटलात. म्हणजे आघाडीवर महिना-सव्वा महिना. कादंबरी आली १९२९ ला. मधे १९२२ ला पूर्व थ्रेसमधून (म्हणजे तुर्कस्तानचा युरोपातला तुकडा) पावसात बैलगाड्या घेऊन निघालेले ग्रीक निर्वासित त्याने बातमीदार म्हणून डोळ्यांनी पाहिले होते, त्याच गाड्या नेऊन इटलीच्या रस्त्यावर अडकवल्या असं बरेच अभ्यासक मानतात, मलाही पटतं.

आणि उपमा पाप? पहिलंच प्रकरण काढा. पावसात केपखाली काडतुसांच्या पेट्या बांधलेले शिपाई चालतायत, कसे, तर सहा महिन्यांच्या गरोदर बाईसारखे. ही उपमा नाही तर काय सातबाराचा उतारा आहे? पुस्तकाचा शेवट ज्याला माहीत आहे (नायिका बाळंतपणात जाते) त्याच्या तर अंगावर काटा येतो. आणि त्याच प्रकरणाच्या शेवटी कॉलरा येतो, आटोक्यात येतो, आणि सैन्यातले फक्त सात हजार मरतात. फक्त! या 'फक्त'ला जो साधं म्हणेल तो मुलाकडच्यांच्या "आमचं काही मागणं नाही"लाही साधंच म्हणेल.

कोरडाकागद
वा, विकिपीडिया उघडलेला दिसतोय. बरं बाबा, तारीख तुझी, घे, फ्रेम करून लाव. चिखलाचं वाक्य मागे घेतो. पण मुद्दा तारखेचा नव्हताच. त्याच पुस्तकात नायक म्हणतो ना की पवित्र, बलिदान, गौरव असले शब्द ऐकले की त्याला ओशाळल्यासारखं होतं, शेवटी गावांची नावं, रस्त्यांचे नंबर, तारखा यांनाच काय ती इज्जत उरली. हे वाचा आणि मग आपल्या न्यूज चॅनेलवर वीरगती, हौतात्म्य, धारातीर्थी, भारतमातेचा सुपुत्र हे पाच मिनिटं ऐका. ज्याच्या घरात तार आलीय त्याला विचारा धारातीर्थ कुठल्या जिल्ह्यात येतं.

माझे वडील ७१ ला पश्चिम आघाडीवर होते. आईला आलेलं एक पत्र अजून घरी आहे, "इकडे सर्व ठीक. थंडी आहे. लोकरीचे मोजे पाठव." बस. याच्यापेक्षा मोठं युद्धवाङ्मय मी वाचलेलं नाही.

भुईनळा
वडिलांबद्दल आदर आहे, पण कागदराव, ते पत्र साधं होतं कारण ते उघडून वाचलं जाणार हे त्यांना माहीत होतं. सेन्सॉर! याला शैली म्हणायचं? पहिल्या महायुद्धात ब्रिटिश शिपायांना छापील पोस्टकार्डच मिळायचं, मी ठीक आहे, मी हॉस्पिटलात आहे, तुझं पत्र मिळालं, नको ते खोडायचं, स्वतःचं काही लिहिलंत तर कार्ड फाडणार. त्या महायुद्धातलं सगळ्यात साधं गद्य सरकारने लिहिलंय, कादंबरीकारांनी नाही.

आणि तिथे असलेला माणूस साधंच लिहितो तर मग रशियन कथाकार बाबेलचं काय करायचं? १९२० मधे लाल सैन्याच्या सेनापती बुद्योनीच्या घोडदळाबरोबर होता, आणि लिहितो काय, तर सूर्य आकाशात तुटलेल्या मुंडक्यासारखा घरंगळतोय. हे खोटं? उलट पहिल्या महायुद्धात लढलेला जर्मन लेखक युंगर घ्या, कितीतरी वेळा जखमी, थंड, तटस्थ, आणि वाचून झाल्यावर वाटतं की याला मजा येत होती. साधेपणात नीती असते हे कोणी ठरवलं?

सुधामावशी
मी मधे बोलते हं, मुलांनो. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत, १९४४ ला इटलीतच होते (योगायोग बघा). साधं? छे! ओसरीवर बसून असे रंगवून सांगायचे की मशिनगनचा आवाज तोंडाने काढताना कवळी दोनदा अंगणात गेलीय. एकच खेचर दर वर्षी वेगवेगळ्या दरीत पडायचं. पण यशवंत घाडगे यांचं नाव निघालं की गप्प. घाडग्यांचं व्हिक्टोरिया क्रॉसचं सायटेशन मी नंतर वाचलं, सरकारी, कोरडं, एकटा मशिनगनवर धावून गेला, मॅगझिन संपलं, भरायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना हाणलं, मग त्याला गोळ्या लागल्या. ते वाचून रडू आलं, आणि आजोबांच्या खेचराने पण रडू यायचं. तेव्हा दोन्ही असतं बाबा.

खरी चीड मला भाषांतरांची आहे. इंग्रजीत सरळ वाक्य, मराठीत लगेच 'रणधुमाळीच्या त्या कराल छायेत'. त्या 'फक्त सात हजार'चं तर 'अवघे सात हजार सैनिक मृत्युमुखी पडले' असंच करतील.

पाटपाणी
मावशी, 'अवघे'त काय वाईट आहे? चांगला मराठी शब्द आहे.

सुधामावशी
वाईट नाही, पण 'अवघे पाऊणशे वयमान'नंतर त्यात मिस्कील हसू दिसतं. हेमिंग्वे हसत नाहीये. 'सातच हजार मेले' म्हणा. झालं.

पाटपाणी
'सातच हजार' म्हणजे भाजीवाल्याशी बोलल्यासारखं वाटतं.

अर्धाचहा
तेच तर हवंय! हिशोब देणाऱ्या कारकुनाचा आवाज आहे तो.

पाटपाणी
कारकून 'केवळ' म्हणेल. मी एकवीस वर्षं सरकारी कचेरीत काढली आहेत, 'च' लावून टिप्पणी लिहिली असती तर साहेबांनी फाइल तोंडावर मारली असती. आमच्या इथे एकदा पुरात गेलेल्या गुरांची संख्या मी 'फक्त ४०' लिहिली तर 'फक्त' खोडून परत पाठवली, म्हणे विधिमंडळात प्रश्न येईल.

भुईनळा
म्हणजे तुमच्या साहेबांना हेमिंग्वे कळला होता 😂

कोरडाकागद
धागा गेला गटारात. मी वीरगतीबद्दल बोलतोय आणि इथे 'च'वर परिसंवाद चाललाय. हीच तर मराठी वाचकाची गंमत, माणसं मरतायत आणि हे प्रत्यय मोजतायत.

अर्धाचहा
कागद, आवाज खाली. माणसं कादंबरीत शब्दांनीच मरतात, दुसरं काय असतं तिथे? तुझाच मुद्दा चाललाय, एक शब्द चुकला की गौरव घुसतो. नायक ताल्यामेन्तोच्या पुलापाशी येतो, मिलिटरी पोलीस एकेक अधिकारी बाजूला काढून प्रश्न विचारतात आणि गोळी घालतात, तो नदीत उडी मारतो. तिथे हेमिंग्वे कुठे होता? टेबलाशी. साधेपणा त्याने आघाडीवरून आणला नाही, घासून घासून आणला. शेवटचं पान ३९ वेळा लिहिलं असं त्यानेच मुलाखतीत सांगितलंय.

कोरडाकागद
घासून आणला, मान्य. पण घासायला काय आहे हे कळायला थोडं तरी लागावं लागतं, महिना असो की सव्वा महिना. तुला लागलंय का काही? स्कूटरवरून पडण्याव्यतिरिक्त?

अर्धाचहा
लेखक गोळी खाऊन यावा आणि वाचकानेही खाऊन यावं, असं असेल तर पुस्तकं मिलिटरी कॅन्टीनमधेच विकू या.

सुधामावशी
अरे भांडू नका. कोरडाकागद, त्या पत्राचा फोटो टाक की, मला बघायचंय.

कोरडाकागद
आईला फोन केला होता, तिने पेटीतून काढून वाचून दाखवलं. लोकरीचे मोजे नाहीत त्यात. कानटोपी आहे. आणि खाली "बाळाला पापा" आहे, ते मी कधी वाचलंच नव्हतं. बाळ म्हणजे मी. फोटो टाकणार नाही.

पाटपाणी
मावशी, रात्रभर विचार केला. 'सातच' चालेल. पण 'मेले' नको, 'गेले'.