बाबांचा पार्किन्सन, चालू गोळ्या आणि खाजकुयलीचं चूर्ण: मदत हवी आहे

नमस्कार. बाबा ७१ वर्षांचे, पार्किन्सनचं निदान होऊन सहा वर्षं झाली. १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० मिलिग्रॅम कार्बिडोपाची गोळी दिवसातून चारदा चालू आहे. हल्ली दुपारच्या गोळीचा असर लवकर उतरतो, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. ते बघून आत्याने राजापूरहून खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण पाठवलं. बिया दुधात उकडून, सालं काढून घरी दळलेलं. बाबा तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ चमचाभर घेताहेत. मला परवा कळलं.

सुरुवातीला फरक पडला, हे खरं आहे. शर्टाची बटणं स्वतः लावली त्या दिवशी आई रडली होती. पण आठवडाभर गोळीनंतर तासाभरात मान आणि उजवा हात आपोआप वळवळतो, आणि काल उठताना चक्कर आली.

वाचलं तेव्हा उलगडा झाला. या बियांत लेव्होडोपाच असतं, साधारण ४ ते ६ टक्के. पाच ग्रॅमचा चमचा धरला तर २०० ते ३०० मिलिग्रॅम. उकडताना थोडं गेलं तरी एका चमच्यात जवळपास दोन गोळ्या! आणि गोळीतलं कार्बिडोपा लेव्होडोपाला मेंदूपर्यंत पोहोचायला मदत करतं, ते या चूर्णालाही लागू होणारच. लंडनमध्ये २००४ साली या बियांच्या चूर्णाची चाचणी झाली. असर लवकर सुरू झाला, जास्त वेळ टिकला. पण रुग्ण फक्त आठ, आणि मात्रा मोजून दिलेली. आमच्याकडे चमचा आहे, वजनकाटा नाही.

बाबा म्हणतात, "झाडपाला आहे गं, त्याने काय होतंय?" आत्याला दुखवायचं नाही. तिने मायेनेच केलंय. आणि लेव्होडोपा एकदम तोडणं धोक्याचं असतं, म्हणून डबा उचलून फेकायचीही भीती वाटते.

न्यूरोलॉजिस्टची वेळ सोमवारची आहे. तोवर थांबू, की आजच फोन करू? गोळी आणि चूर्ण दोन्ही घेणारं तुमच्या घरात कोणी होतं का? डॉक्टरांनी आधी काय कमी केलं? गोळी आणि चूर्ण दोन्हींचा हिशोब एकत्र बघणारे वैद्य कोणाला भेटले असतील तर तेही सांगा. चूर्णाचा डबा आणि हात वळवळतानाचा व्हिडिओ सोबत नेणार आहे, आणखी काय नेऊ?