वय २४, पॅप स्मिअरमध्ये (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) एलएसआयएल, म्हणजे पेशींत सौम्य बदल. पिशवी काढावी लागेल का?

अबोली_लातूर:
लग्नाला दीड वर्ष झालं. तीन महिने अंगावरून पिवळट-हिरवट जात होतं, घाण वास, खाज. आई म्हणाली उष्णता असेल, धने-जिऱ्याचं पाणी पी. तांबे भरभरून प्यायले, फरक शून्य. शेवटी डॉक्टरांनी पॅप स्मिअर घेतला. रिपोर्टात 'ट्रायकोमोनास' (संबंधातून पसरणारा जंतू) आणि खाली 'एलएसआयएल, एचपीव्ही चेंजेस', म्हणजे एचपीव्ही नावाच्या विषाणूने झालेले बदल. मेट्रोनिडाझोल दिलंय, नवऱ्यालाही घ्यायचंय. तो म्हणतो, मला काही होत नाही, मी कशाला गोळ्या खाऊ? मावशी म्हणते पिशवीच काढून टाक, कॅन्सरची कटकट नको. मला अजून मूल नाही हो.

स्लाइडवाली_सोलापूर:
मी डॉक्टर नाही, लॅबमध्ये १४ वर्षं स्लाइडी बघते. तुझी दुखणी दोन आहेत, एका कागदावर आली एवढंच.

ट्रायकोमोनास गोळ्यांनी जातो. पुरुषाला बऱ्याचदा काहीच जाणवत नाही, पण जंतू त्याच्याकडे असू शकतो. त्याने गोळ्या घेतल्या नाहीत तर तुझा कोर्स पाण्यात गेला म्हणून समज. दोघांचा कोर्स होऊन त्रास थांबेपर्यंत संबंध नको. असा जंतू सापडला की एचआयव्ही वगैरे तपासण्याही करून घ्याव्यात, लाजू नकोस.

आता एलएसआयएल. एचपीव्हीने पेशीचं केंद्रक फुगतं आणि त्याभोवती, चंद्राला खळं पडावं तसं, मोकळं कडं दिसतं. आमच्याकडे तरुण मुलींच्या स्लाइडींत हे काही नवलाचं नाही. तुझ्या वयात बहुतेकदा वर्ष-दोन वर्षांत शरीरच ते निस्तरतं. म्हणून पंचविशीच्या आत सहसा कापाकापी करत नाहीत, साधारण वर्षभराने पुन्हा स्मिअर घेतात. तो मात्र चुकवू नकोस. वाईट बदल दिसले तर कोल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयमुख बघणं.

आणि पिशवी? अंगावरून जातंय म्हणून पिशव्या काढलेल्या ऊसतोड बायका बीडला जाऊन बघ म्हणावं मावशीला!

उस्मानाबादची_सून:
आमच्या जिल्ह्यात १ लाख ३१ हजार बायकांवर मोठा अभ्यास झाला होता, २००९ मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू घटले. पण बायका घेतल्या त्या ३० ते ५९ वयाच्या. तरुणपणी हा विषाणू येतो नि जातो, तिशीनंतरही ठाण मांडून बसला तर काळजी. सासूबाई तपासणीला 'नको गं बाई' म्हणत गेल्या होत्या, आल्यावर शेजारणीला घेऊन गेल्या.

अबोली_लातूर:
ताई, तुमचा मेसेज नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. गोळ्या घेतोय, तोंडाला पत्र्याची चव येते म्हणून दिवसभर कुरकुर. मावशीला अजून काही बोलले नाही. पुढच्या वर्षीचं कॅलेंडर आलेलं नाही, म्हणून स्मिअरची तारीख रिपोर्टाच्या पाठीवरच लिहून ठेवली.