दारूवरचा कर वाढला की पिणं घटतं, का फक्त बाटली बदलते?

रंकाळा_कट्टा
जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं 'इंग्लिश'चं, म्हणजे भारतात बनणाऱ्या व्हिस्की-रमसारख्या दारूचं, उत्पादन शुल्क उत्पादन मूल्याच्या ३ पटींवरून ४.५ पट केलं. क्वार्टरची, म्हणजे १८० मिलीची, किमान किंमत आता २०५ रुपये. देशी ८० रुपये. मधे १४८ रुपयांचा नवा वर्ग घातलाय, धान्यापासूनचं 'महाराष्ट्र मेड लिकर'. तिजोरीत १४,००० कोटी जादा येतील असा सरकारचा अंदाज. माझं मत स्पष्ट आहे: पिणारा थांबत नाही, एक पायरी खाली उतरतो. देशी घ्या नाहीतर इंग्लिश, दोन्हीत अल्कोहोल ४२.८ टक्केच. क्वार्टरमागं ७७ मिली शुद्ध अल्कोहोल पोटात जातंच, वर १२५ रुपये वाचतात. मग कोण थांबेल?

मापात_माप
पायरी उतरतो हे कबूल, पण दोष कराचा नाही, कर लावायच्या पद्धतीचा आहे. देशीचं शुल्क प्रूफ लिटरला, म्हणजे सुमारे ५७ टक्के अल्कोहोलच्या एका लिटरला, १८० वरून २०५ रुपये झालं. देशी २५ अंडर प्रूफ, म्हणजे त्या तीव्रतेच्या ७५ टक्के, म्हणून क्वार्टर भरतं ०.१३५ प्रूफ लिटर. शुल्क आधी २४.३० रुपये, आता २७.७० च्या आसपास. जेमतेम साडेतीन रुपये वाढ! इंग्लिशला मात्र थेट दीडपट. सगळ्याच बाटल्यांवर आतल्या अल्कोहोलच्या ग्रॅमप्रमाणं सारखा कर लावा, खाली उतरून काही वाचणार नाही. आणि बिअर हलकी असते हा समज आधी सोडा. ८ टक्क्यांच्या स्ट्राँगच्या ६५० मिली बाटलीत ५२ मिली अल्कोहोल असतं, म्हणजे ३० मिलीचे चार पेग.

मळी_ते_स्पिरिट
कागदावर ठीक. देशी महाग झाली की गिऱ्हाईक हातभट्टीकडं वळणार. दुसरी वाट गोव्याची. तिथं कर कमी, आणि आंबोली, तिलारी, फोंडा हे घाट कोल्हापूरच्या दारातच. तो माल सरळ विकतात असंही नाही. त्यावर इथलं लेबल आणि बूच चढवलं की तीच बाटली इथल्या भावानं खपते. दरातली दरी जेवढी रुंद, तेवढा हा धंदा फायद्याचा.

कच्च्या मालाचंही बघा की. एक टन उसातून ४० ते ४५ किलो मळी, म्हणजे साखर काढून उरलेला घट्ट पाक, निघते, त्यातून १० लिटरच्या आसपास अल्कोहोल. हीच मळी पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉललाही लागते. २०२४-२५ ला सी-हेवीच्या, म्हणजे शेवटी उरणाऱ्या मळीच्या, इथेनॉलला ५७.९७ रुपये लिटर दर होता आणि तेल कंपन्या बांधील गिऱ्हाईक. मग कारखाना पिण्याच्या स्पिरिटला स्वस्तात माल का देईल? धान्याधारित वर्ग आणण्यामागं हेही एक गणित असावं, असं मला वाटतं.

मापात_माप
हातभट्टीची भीती दाखवून कर अडवायचा, हा युक्तिवाद जुना आहे. माणसं मरतात ती गूळ आंबवल्यानं नव्हे. त्यात मिथेनॉल फारसं तयारच होत नाही. मरतात ती वरून औद्योगिक मिथेनॉल ओतल्यानं. त्याचं शरीरात फॉर्मिक ॲसिड होतं, आधी डोळे जातात. वास-चवीवरून ओळखता येत नाही. मुंबईतल्या मालवणीत २०१५ ला शंभरावर बळी गेले. त्यावर उपाय मिथेनॉलच्या टँकरवर नजर ठेवणं, देशी स्वस्त ठेवणं नव्हे.

रंकाळा_कट्टा
नजर कोण ठेवणार, भावा? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातले पिणारे पुरुष १४ टक्क्यांच्या आसपास, देशात १९. पिणारे एवढेच आणि अंदाज १४,००० कोटींचा, म्हणजे त्यातल्या रोजच्या गिऱ्हाइकावरच सरकारची भिस्त. ज्याच्या पिण्यावर तिजोरी चालते, त्याला सोड म्हणून कोण सांगेल?

उभी_आडवी
तुम्ही तिघं पिणाऱ्याच्या खिशाचाच हिशोब मांडताय. गावात बाटली आडवी करायची, म्हणजे मतदानानं दारूचं दुकान बंद पाडायचं, तर एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं विरोधात पडावी लागतात, झालेल्या मतदानापैकी नव्हे. मतदानाला न आलेली प्रत्येक बाई आपोआप दुकानाच्या बाजूनं मोजली जाते. दराआधी हा नियम बदला.