पासष्टीच्या आत सरसकट डेक्सा हवी का?

अस्थिवेध: माझं मत, नको. पाळी गेली की लगेच प्रत्येकीला डेक्साला, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रे स्कॅनला पाठवतात, ते बंद व्हावं. ६५ नंतर सगळ्या स्त्रियांची करा. त्याआधी फक्त जोखीम असेल तर: तीन महिन्यांहून जास्त स्टिरॉइड, आई किंवा वडिलांचा खुबा मोडलेला, फार कमी वजन, धूम्रपान, पंचेचाळिशीच्या आत पाळी गेलेली. बाकीच्यांच्या हाती −१.४ असा टी-स्कोअर पडतो, ‘ऑस्टिओपेनिया’चा (घनता थोडी कमी) शिक्का बसतो आणि गरज नसताना औषधं सुरू होतात. टी-स्कोअरची तुलना तरुण स्त्रीच्या हाडांशी असते, वयाबरोबर तो उतरणारच.

मणका: अजिबात पटलं नाही. पाळी गेल्यावरच्या पहिल्या काही वर्षांतच हाड सगळ्यात वेगाने झिजतं, आणि नेमकं तेव्हाच बघायचं नाही? शिवाय हाड मोडणाऱ्या कितीतरी जणींचा स्कोअर −२.५ पर्यंत, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसच्या (हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराच्या) निकषापर्यंत, उतरलेलाच नसतो. त्या शिक्क्याला क्षुल्लक समजू नका.

अस्थिवेध: म्हणूनच तर आधी फ्रॅक्स, म्हणजे हाड मोडण्याची जोखीम काढणारी प्रश्नावली, भरा. घनतेचा आकडा न टाकताही त्यातून पुढच्या दहा वर्षांची जोखीम निघते.

मणका: मूळ फ्रॅक्स वारंवार पडणं धरत नाही, आणि स्टिरॉइडबद्दल फक्त ‘हो की नाही’ विचारतो, डोस नाही. दोन आकडी डोसवाली आणि ५ मिलिग्रॅमवाली एकाच रांगेत!

स्कॅनरूम: आकडा बरोबर आहे हे दोघांनीही गृहीत धरलंय. खुब्याच्या स्कॅनला पाय आत वळवून बांधलेला नसेल तर मांडीच्या हाडाच्या मानेचा भाग आखूड दिसतो आणि घनता चुकते. कमरेच्या मणक्यांवर हाड वाढलेलं असेल, एखादा मणका दबलेला असेल, तर स्कोअर खोटा चांगला येतो. असा मणका वगळून उरलेल्यांचा हिशेब करावा लागतो. कॅल्शियमची गोळी त्या दिवशी स्कॅनआधी घेऊ नये, न विरघळलेली गोळी मणक्यासमोर आली तर तीही मोजली जाते. पुढची तपासणी त्याच यंत्रावर करा. दोन यंत्रांच्या आकड्यांची वजाबाकी करून ‘हाड सुधारलं’ म्हणता येत नाही. आणि टाचेच्या अल्ट्रासाउंडला −२.५ चा निकष लावून निदान करू नका, तो निकष डेक्साचा आहे.

मणका: हे मान्य. पण एक भर घालतो: उंची तरुणपणापेक्षा ४ सेंटीमीटरने घटली असेल तर स्कोअर काहीही असो, मणक्यांचा बाजूने एक्स-रे काढा. मार न लागता दबलेला मणका दिसला आणि त्यामागे दुसरा आजार नसेल, तर ऑस्टिओपोरोसिसचं निदान तिथेच झालं. उपचारासाठी −२.५ ची वाट बघायची नाही.